पाचोडला गेलेली माणसं

त्रिंबक मास्तरांनी सुगंधाबाईंच्या हातात आठ पानं ठेवली, तेव्हाच त्यांना कळलं की आपल्याला पाचोडला धाडायचं ठरलंय.

आठव्या पानाच्या तळाशी त्यांचं वाक्य होतं, ‘थांबा, चहा आणते.’ पुढं कंसात ‘आत जातात’. आत गेलेलं माणूस बाहेर येतं, असं मास्तरांनी कुठं लिहिलं नव्हतं.

“मास्तर, बाकीची पानं?”

“तुमची एवढीच आहेत, अक्का.”

“चोवीस वर्षं शेवटचं वाक्य माझं असतंय.”

“या वेळी जरा आटोपशीर ठेवलंय.”

“कोण आटपलं? भाग का मी?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण खोटं बोलताना चष्मा पुसायची सवय मुख्याध्यापकांसमोर लागलेली, ती काही सुटली नव्हती.

“लिहिलं कुणी?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“लिहिलं मीच. म्हणजे हात माझा.”

“अन् तोंड?”

मास्तरांनी आरामखुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती, तरी ते आदरानं पाहत होते.

‘अठरा माणसांचं खटलं’ ही विनोदी कौटुंबिक मालिका औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या करीमभाईंच्या केबलवर दोन हजार एक सालापासून दर रविवारी सकाळी लागते. आता ती मोबाइलवरही दिसते, म्हणजे टीव्ही बंद करून सुटणाऱ्यांचीही सोय राहिलेली नाही. पहिल्या दिवशी खटल्यात पंधराच माणसं होती. अठरा कानाला बरं लागतं म्हणून मास्तरांनी नाव तसं ठेवलं. आज त्यांतली तीन उरली होती. घराचे कर्ते भाऊसाहेब, म्हणजे बिभीषणराव. त्यांची बायको अक्का, म्हणजे सुगंधाबाई. आणि धाकटा मुलगा, म्हणजे अजिनाथ. तो मालिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता. चोवीस वर्षं तिसऱ्याच वर्षाला होता, आणि आता त्याला सेहेचाळिसावं लागलं होतं.

बाकीची बारा माणसं पाचोडला गेली होती.

त्याचं असं झालं. सुरुवातीला कॅमेरा कारभारींचा होता, केबल करीमभाईंची होती, शब्द मास्तरांचे होते आणि आरामखुर्ची बिभीषणरावांची होती. खुर्ची घरून आणली म्हणूनच त्यांना कर्त्या पुरुषाची भूमिका मिळाली. कारभारी लग्नाच्या शूटिंगा घ्यायचे, त्यामुळं तिथी नसेल त्या दिवशीच कॅमेरा मोकळा. तुळशीचं लग्न लागलं की खटल्यातली माणसं अदृश्य होत, ती थेट आषाढात उगवत. मधल्या महिन्यांत जुनेच भाग पुन्हा लागत. प्रेक्षकांची तक्रार नव्हती. जुन्यात आणि नव्यात फरक असतो, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कॅसेटही लग्नाचीच. पाठवणीनंतर जी वीस-बावीस मिनिटं शिल्लक राहत, त्यात खटल्याचा भाग बसवायचा. एकदा जालना रोडच्या एका नवरदेवाकडं कॅसेट तशीच गेली. पाठवणीत रडणाऱ्या नवरीनंतर एकदम भाऊसाहेब ‘मीठ कमी आहे’ म्हणून ओरडताना दिसले. संसाराची कल्पना यावी म्हणून मुद्दाम घातलंय, असं त्यांच्याकडं सगळ्यांना वाटलं.

अशा परिस्थितीत एक प्रसंग दोनदा घेणं अशक्यच. करीमभाईंनी पहिल्याच दिवशी कायदा केला: “एक बार बोल्या सो बोल्या.” कॅमेऱ्यासमोर जे तोंडातून गेलं ते झालं. दुसरा कायदा असा: “अपने घर में मय्यत नक्को. संडे की सुबह लोगां नाश्ता करते बैठते.” खटल्यात कुणी मरायचं नाही.

दोन हजार चारच्या श्रावणात थोरल्या सुनेचं काम करणाऱ्या शीलाला बिभीषणरावांच्या वाक्यावर त्यांच्यापेक्षा मोठा हशा मिळाला. पुढच्या शूटिंगला ती दहा मिनिटं उशिरा आली. तेवढ्यात बिभीषणरावांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं, “थोरली कुठं दिसत नाही?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “हां, ती पाचोडला गेली. बाजाराला.” शीला तेव्हा जिना चढत होती. पण बोल्या सो बोल्या. पाचोडचा बाजार संध्याकाळी उठतो, मात्र थोरली एकवीस वर्षं झाली तरी आलेली नाही.

तेव्हापासून रिवाज पडला. ज्याला काढायचं त्याला आधी काहीतरी निमित्तानं चौकटीबाहेर धाडायचं आणि मागून बिभीषणरावांनी ते वाक्य म्हणायचं. समोर बसलेल्या माणसाला ‘तो पाचोडला गेला’ म्हणता येत नाही, एवढीच काय ती माणुसकी होती.

खऱ्या आयुष्यात शीला गुलमंडीत फॉल-पिकोचं दुकान चालवते. गिऱ्हाइकं आजही विचारतात, “पाचोडहून कधी आलात?” शेवटी तिनं दुकानावर पाटी लावली, ‘मी पाचोडला राहत नाही.’ लोक आता त्या पाटीबरोबर फोटो काढतात.

आता, पाचोड हे सुगंधाबाईंचं माहेर. गावाबाहेरच्या धनगर वस्तीवर त्या वाढल्या. शंभर गावं सोडून बिभीषणरावांना हेच गाव सुचलं, ते काही सहज नव्हे. लग्नाकार्यात सुगंधाबाईंच्या भावाला, सर्जेरावला, लोक विचारू लागले, “पाव्हणं, तुमच्या गावात आता जागा शिल्लक हाय का?” दहावं माणूस गेलं त्या वर्षापासून सर्जेरावनं भाऊबीजेला यायचं बंद केलं.

पण खरं वैर त्याचंही नव्हतं. दोन हजार सहा साली मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीवरून करीमभाईंच्या ऑफिसात फोन आला. त्यांना अक्का हव्या होत्या. रोजच्या मालिकेत, आईच्या कामासाठी. फोन बिभीषणरावांनी उचलला. ते म्हणाले, “त्या पाचोडला गेल्या.” सुगंधाबाई तेव्हा शेजारच्या खोलीत पुढच्या प्रसंगासाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. मुंबईच्या माणसानं सांगितलेला नंबर बिभीषणरावांनी लिहून घेतला तो वाऱ्यावर. सहा महिन्यांनी करीमभाईंच्या तोंडून ही गोष्ट निसटली.

त्या दिवसापासून सुगंधाबाई बिभीषणरावांशी कॅमेऱ्याबाहेर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. एकोणीस वर्षं. जे काय बोलायचं ते अक्का होऊन, भाऊसाहेबांशी. खटल्यातल्या नवरा-बायकोची भांडणं इतकी जिवंत कशी, असं लोक कौतुकानं विचारत.

आणि आता ही आठ पानं.

सुगंधाबाई करीमभाईंच्या मुलाकडं, सरफराजकडं गेल्या. केबल आता तोच पाहायचा. पुण्यात शिकून आला होता, खोलीत थंड हवा ठेवायचा.

“अक्का! बसा ना. तुम्ही तर लेजंड आहात आपल्या.”

सुगंधाबाई उभ्याच राहिल्या. खटल्यात ज्याचं कौतुक होतं त्याची पिशवी भरलेली असते, हे त्यांनी बारा वेळा पाहिलं होतं.

“काय ठरवलंस बाबा?”

“कुछ नहीं अक्का, एक स्पेशल भाग. ‘चोवीस वर्षं, एक घर.’ मालिकेचा पूर्ण इतिहास. तुम्ही सगळे घरात बसून टीव्हीवर जुने प्रसंग बघता, आठवणी काढता. अजिनाथचं लग्न होतं. सोनिया बायको म्हणून येते. तिला फोनवर दोन लाख लोक बघतात.”

“काय करती ती?”

“बघते. म्हणजे, कॅमेऱ्याकडं बघते.”

“अन् घराच्या किल्ल्या?”

सरफराज फोनकडं पाहू लागला. “जनरेशन बदलतेय ना अक्का. बिभीषणकाका बोले, अक्काला पण आराम पाहिजे.”

“त्यांला सांग, अक्काची काळजी चोवीस वर्षांत पहिल्यांदा केली, तर जपून करा. सवय नाय, उसण भरंल.”

त्या जिना उतरून खाली आल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं हाक मारली, “अक्का, मेथी ताजी आहे.” औषधवाला म्हणाला, “अक्का, गुडघा कसाय?” बँकेत, रेशनवर, दवाखान्यात, सगळीकडं त्या अक्काच होत्या. सुगंधाबाई नावाची बाई फक्त आधारकार्डावर राहत होती. रविवारनंतर हेच लोक विचारणार होते, ‘पाचोडहून कधी आलात?’ आणि शीलासारखी पाटी लावायला त्यांच्याकडं दुकानसुद्धा नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी सकाळपासून घोटभर पाणीही घेतलं नाही.

केबल ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये खटल्याचं घर होतं. मधे आरामखुर्ची, शेजारी अक्कांचा पाट, पाटाजवळ तांब्या-भांडं, समोर टीव्ही. कारभारी कॅमेऱ्यामागं. कॅमेऱ्याशेजारी मास्तर उभे, हातात पुठ्ठा आणि जाड पेन. कुणी वाक्य विसरलं की मास्तर पुठ्ठ्यावर लिहून दाखवत. कोपऱ्यात करीमभाई तसबीहीचे मणी ओढत बसलेले. अठ्ठ्याहत्तरी गाठलेली, ऐकू कमी यायचं, पण ‘पुन्हा घेऊ’ हे शब्द बरोबर ऐकू यायचे. कॅमेऱ्यात आता कॅसेट नव्हती, एक प्रसंग शंभरदा घेता आला असता. पण कायदा म्हणजे कायदा.

सोनिया जरीच्या शालूत आली आणि वाकून सुगंधाबाईंच्या पाया पडली. “आशीर्वाद द्या अक्का.”

“कितवं पान आहे तुझं?”

“नऊपासून.”

“सुखी राहा,” सुगंधाबाई म्हणाल्या.

बिभीषणराव नव्या धोतरात आले. एकाहत्तर वर्षं, साखर, रक्तदाब, आणि शहरात चालताना लोक ‘भाऊसाहेब’ म्हणतील म्हणून सावकाश चालायची सवय. खुर्चीत बसून ते मास्तरांना म्हणाले, “मास्तर, त्यांना सांगा, आठव्या पानानंतर आत बसायला पंखा लावलाय.”

सुगंधाबाई मास्तरांना म्हणाल्या, “मास्तर, त्यांला सांगा, पंखा त्यांच्या तेराव्याला लावा.”

मास्तरांनी दोन्ही निरोप पोचवल्याचा चेहरा केला. कारभारींनी बोट वर केलं आणि इतिहास सुरू झाला.

पहिली सात पानं ठरल्याप्रमाणं गेली. टीव्हीवर दोन हजार दोनचे भाऊसाहेब दिसले, डोक्यावर केस असलेले. अजिनाथ आठवणी काढताना तिसऱ्या वर्षाची पुस्तकं हातात धरून होता. आठव्या पानाशी भाऊसाहेब म्हणाले, “अगं, इतिहास ऐकून घसा सुकला. चहा होईल का?”

सुगंधाबाईंनी पाटावर मांडी नीट घातली.

“होईल की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही करा.”

मास्तरांनी पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘थांबा, चहा आणते.’

सुगंधाबाईंनी पुठ्ठा वाचला, आणि तो कोऱ्या भिंतीसारखा पाहून घेतला.

बिभीषणराव हसले. भाऊसाहेबांचं ठरलेलं हसू. “मी? मी कधी चूल पाहिली का गं चोवीस वर्षांत?”

“म्हणून तर म्हणते. आज इतिहास चाललाय. काहीतरी पहिल्यांदा घडू द्या.”

“तू ऊठ, मी नंतर उठतो.”

“तुम्ही उठा, मी मागून येते.”

खोलीतल्या प्रत्येकाला आता कळलं होतं. जो चौकटीतून जाईल तो गेला. सरफराज हात हलवून कारभारींना ‘बंद, बंद’ करत होता. करीमभाईंनी तसबीह थांबवून मुलाकडं पाहिलं. कॅमेरा चालू राहिला.

पुढचा पाऊण तास दोघंही जागचे हलले नाहीत. भाऊसाहेबांनी अक्कांना देवापुढं दिवा लावायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, देव आज बाहेरगावी आहेत. भाऊसाहेब म्हणाले, दारात कुणीतरी आलंय. अक्का म्हणाल्या, तुमचाच मेव्हणा असंल, नऊ वर्षांनी. भाऊसाहेब म्हणाले, नळाला पाणी आलंय, आज न भरलं तर पुढच्या आठवड्यात. या वाक्यावर त्या शहरातली कुठलीही बाई उठली असती. अजिनाथ तर अर्धा उठलाच होता. सुगंधाबाईंचा गुडघासुद्धा हलला, पण त्यांनी तो हातानं दाबून धरला.

“वाहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुमचा घसा सुकला व्हता न्हवं? घ्या.”

आणि त्यांनी तांब्यातून भांडं भरून पुढं केलं.

भाऊसाहेब एका दमात भांडं रिकामं करतात आणि ‘आहा’ म्हणतात. दर भागात. पोरं शाळेत त्याची नक्कल करतात. बिभीषणरावांना नाही म्हणता येईना. ते प्यायले. “आहा.”

“आणिक घ्या. इतिहास मोठा हाय.”

“आहा.”

“अजून एक. उन्हाचे दिस हायेत.”

बाहेर पाऊस चालला होता. बिभीषणराव प्यायले. पाचव्या भांड्याला ‘आहा’ बारीक झालं. सहाव्याला त्यांनी नुसती मान हलवून भागवलं. मग त्यांनी पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. धोतराचा काठ मुठीत धरून ते टीव्हीवरचे जुने भाऊसाहेब बघत राहिले. त्या वयात माणूस किती निर्धास्त असतो, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“काय झालं वं?” सुगंधाबाईंनी गोड आवाजात विचारलं.

“काही नाही.”

“चेहरा पिवळा दिसतोय.”

“बाई, तू माणूस हायेस का कोण?” बिभीषणराव दातांतून म्हणाले. ते वाक्य भाऊसाहेबांचं नव्हतं.

“तुमची बायको हाय. चोवीस वर्षं. माझीबी इच्छा नव्हती.”

एक तास चाळीस मिनिटांनी बिभीषणराव उठले. संडास खालच्या मजल्यावर होता, बावीस पायऱ्या उतरून. ते दारापर्यंत रुबाबात गेले आणि दाराबाहेर गेल्यावर पळाल्याचा आवाज आला.

खुर्ची रिकामी झाली.

मास्तरांनी पुठ्ठ्यावर फक्त ‘पाचोड?’ लिहिलं. अजिनाथनं, चोवीस वर्षांत पहिल्यांदा, अक्कांकडं काहीतरी मागितल्यासारखं पाहिलं. बारा माणसांचा हिशेब एका वाक्यात फिटणार होता.

सुगंधाबाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. मग त्यांच्या मनात आलं, पाचोडला बस जाते. आणि जी बस जाते ती येते. सरफराजला पुढच्या वर्षी वाटलं, लोकांनी फोनवर मागणी केली, की हा माणूस गळ्यात हार घालून बाजारातून परत. शिवाय आपल्या माहेराला आणखी किती गाळ द्यायचा.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“अजिनाथा,” त्या म्हणाल्या, “ह्ये गेले. मोरीकडं गेले, तिथं बसले, अन् बसल्या जागी गेले.”

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी हेच वाक्य, याच शब्दांत, आपल्या खऱ्या नवऱ्याबद्दल दिराला सांगितलं होतं. तेव्हा बोलताना आवाज कापला नव्हता. आताही कापला नाही.

चोवीस वर्षांत खटल्यात पाल मेली नव्हती. सगळ्यांची तोंडं करीमभाईंकडं वळली. त्यांचा पहिला कायदा एकीकडं, दुसरा दुसरीकडं. म्हाताऱ्याची बोटं तसबीहीच्या मण्यावर अडली होती.

“अब्बू, फिर से लेते,” सरफराज कुजबुजला.

हे बरोबर ऐकू गेलं. करीमभाईंनी डोळे मिटले. मणी पुढं सरकला.

“बोल्या सो बोल्या,” ते म्हणाले आणि कुणी गेल्यावर म्हणतात ते पुटपुटले, “इन्ना लिल्लाह.”

सोनिया हुशार निघाली. तिनं पहिला हंबरडा फोडला आणि फोडताना कॅमेऱ्याकडं बघितलं. अजिनाथच्या हातातली तिसऱ्या वर्षाची पुस्तकं खाली पडली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लग्नाच्या सवयीनं कारभारींनी कॅमेरा दाराकडं फिरवला. दारातून येणाऱ्याला टिपायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. दारात बिभीषणराव उभे होते. हात ओले, चेहऱ्यावर समाधान.

समोर सून रडत होती, मुलगा रडत होता आणि अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला होता. बिभीषणरावांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला जाड अक्षरांत लिहिलं: ‘तुम्ही मेलात.’

बिभीषणरावांनी ते दोनदा वाचलं. तोंड उघडलं. त्यांना ओरडता आलं असतं. ‘मी इथं उभा आहे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मास्तरांच्या पुठ्ठ्यावरचं ते चोवीस वर्षं निमूट पाळत आले होते, आणि शिवाय आणखी एक गोष्ट होती. बारा माणसं गेली ती नुसत्या एका वाक्यात. मरण कुणालाच मिळालं नव्हतं. गावच्या नाटकांत बिभीषणराव चार वेळा मेले होते आणि चारही वेळा वन्समोअर झाला होता. कारभारींचा कॅमेरा त्यांच्यावर होता. दिवा चांगला पडला होता.

त्यांनी छातीला हात लावला. चौकटीला धरलं. दोन पावलं आत, एक मागं, पुन्हा दोन आत. ‘आई’ म्हणाले, ‘अजिनाथा, अभ्यास कर’ म्हणाले. मरायला चांगली चार मिनिटं घेतली, आणि सगळ्यांना नीट दिसेल अशा जागी, म्हणजे सुगंधाबाईंच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, उताणे झाले.

आणि तिथंच त्यांची चूक झाली.

धनगर वस्तीवर माणूस गेलं की बाई हेल काढून रडते. नुसती रडत नाही, बोलून रडते. मेलेल्याचं सगळं आयुष्य काढते, देणं-घेणं, रुसवे-फुगवे, कुणाला न सांगितलेलं. आणि रडणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही, मेलेला उत्तर देत नाही, असा तिथला दंडक आहे. सुगंधाबाईंची मालनबाई नावाची आत्या अशी रडायची की मयताच्या घरातली वाटणीची भांडणं तिथंच मिटायची.

सुगंधाबाई पुढं झुकल्या. मयताच्या छातीवर हात आपटला, जरा जोरातच.

“आवं भाऊसायेब वंऽऽ, सोडून गेलात वं मला! दोन हजार एकला खुर्ची घेऊन आलात वं, अन् खुर्चीसंगं मला पदरात घेतलंत! पिठल्यात मीठ व्हतं वं, बरोबर व्हतं, सगळ्या औरंगाबादेला सांगितलंत कमी हाय म्हणून!”

मयताच्या पापण्या हलल्या.

“दोन हजार चारला शीलाला धाडलंत वंऽऽ! जिना चढत व्हती लेक, हातात डबा, तिच्या तोंडावर दार लावलंत! पाचला थोरल्याला धाडलंत, तुमच्यापेक्षा उंच व्हता म्हणून! धाकट्या जावंला धाडलंत, तिनं तुमचं वय विचारलं म्हणून! लई मोठ्या मनाचे व्हते वं माझे धनी, सगळ्यांला गाव दिलं!”

“पुरे,” मयत ओठ न हलवता म्हणालं. “उठून बसेन.”

सुगंधाबाईंनी दुसरा हातही छातीवर ठेवला आणि आपला सगळा भार त्यावर टाकला.

“अन् दोन हजार सहाला वंऽऽ! मुंबईचा फोन आला, माझ्या नावाचा, तुम्ही उचलला! मी पल्याडच्या खोलीत शेंगा फोडीत व्हते वं, हाक मारली असती तर आवाज आला असता! म्हणालात, पाचोडला गेली! एक हाक मारली न्हाय वंऽऽ! काय झालं असतं माझं ते मला ठाव न्हाय, तुम्हांला ठाव न्हाय, देवालाबी ठाव न्हाय, कारण नंबरच लिहून घेतला न्हाय!”

करीमभाई खाली बघत होते. सरफराजनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्याचा फोन खिशात गेला. सोनिया रडायची थांबली होती आणि आता पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडं न बघता बघत होती.

“चुकलं,” खालून आवाज आला. अगदी बारीक, सुगंधाबाईंनाच ऐकू जाईल एवढा. भाऊसाहेबांचा नव्हता तो. एकोणीस वर्षांत त्या आवाजात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. “सुगंधाबाई, चुकलं माझं. सोडा आता.”

सुगंधाबाईंनी ऐकलं. त्यांनी पदर सारखा केला, खोल दम घेतला आणि कारभारींना अजून किती वेळ कॅमेरा चालेल ते डोळ्यांनीच विचारलं. कारभारींनी दोन्ही हात पसरून दाखवले, हवा तेवढा.

“दोन हजार सातला वंऽऽ,” सुगंधाबाईंनी हेल काढला.